कुत्रा ठेवायचा की द्यायचा? घरात दोघांचं पटत नसेल तर

घरात कुत्रा आहे. दोघांपैकी एकाला तो हवा आहे, दुसऱ्याला नकोसा झालाय. बहुतेक घरांत हे भांडण रात्री साडेदहाच्या सुमाराला पेटतं, कारण शेवटच्या फेरीला खाली कोणी उतरायचं हे कधी ठरलेलंच नसतं. दहा मिनिटांत विषय ‘तुला माझी किंमतच नाही’वर पोचतो आणि कुत्रा पलंगाखाली जाऊन बसतो.

ज्यांच्या घरी पहिल्यांदाच कुत्रा आलाय, किंवा लग्नानंतर जोडीदाराबरोबर त्याचा कुत्राही वन-बीएचकेमध्ये राहायला आलाय, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. कुत्र्यावर प्रेम कोणाचं जास्त, यावर वाद घालून काही हाती लागत नाही. काम कोण करतं, तक्रार नेमकी कसली आणि ती दूर होण्यासारखी आहे का, एवढं कागदावर आलं की निम्मं भांडण मिटतं. उरलेलं निम्मं खरं असतं, आणि तेही सोडवता येतं. फक्त उत्तर प्रत्येक वेळी ‘कुत्रा ठेवा’ असंच निघत नाही. पुढे सोयीसाठी दोघांना हवा-पक्ष आणि नको-पक्ष म्हणू.

आधी तारीख ठरवा

भांडणाच्या भरात निर्णय नको, हे सगळ्यांनाच पटतं. पण मग कधी, हे कोणी ठरवत नाही आणि तोच वाद दर चार दिवसांनी नव्याने होतो. सहा आठवड्यांनंतरचा एक रविवार निवडा आणि कॅलेंडरवर खूण करा. सहाच आठवडे का? घरात शू करण्याची सवय मोडायला तीन-चार आठवडे लागतात, गोचिडांचा उपद्रव आटोक्यात यायला तेवढे तरी लागतातच, आणि ॲलर्जीच्या डॉक्टरांची वेळ मिळून तपासणी होईपर्यंत महिना सहज जातो. दोन आठवड्यांत यातलं काहीच कळत नाही. तीन महिने ठेवले, तर पहिले दोन महिने कोणी काही करत नाही.

या काळात दोघांनीही काही पथ्यं पाळायची. ‘एक दिवस सोडून येईन कुठेतरी’ ही धमकी बंद. ‘माझ्या आधी तो होता’ हेही बंद. नातेवाइकांना आणि फॅमिली ग्रुपला पंच करायचं नाही. आणि ‘त्याला सोबत मिळाली की शांत होईल’ म्हणून दुसरं पिल्लू आणायचं नाही. हा सल्ला हमखास कोणीतरी देतं आणि त्याने काम दुप्पट होतं.

दोन बाबतींत मात्र सहा आठवडे थांबू नका. कुत्रा कोणाला, विशेषतः लहान मुलाला, रक्त येईल असा चावला असेल, किंवा घरात कोणाला दम्याचा झटका येत असेल, तर कुत्र्याची तात्पुरती सोय दुसरीकडे करा. ही सोय म्हणजे निर्णय नव्हे. चावलं असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवायची, हळद-चुना काहीही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. घरच्या कुत्र्याला रेबीजची लस दिलेली असली तरी माणसाला इंजेक्शन लागणार का, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. महापालिकेच्या रुग्णालयांत माणसाला द्यायची ही लस मोफत मिळते.

‘नको’ म्हणजे नेमकं काय नको?

नको-पक्षाने एक वही घ्यायची आणि आठवडाभर तक्रारी लिहायच्या; वेळ आणि जागा घालून. ‘घाण होते’ ही तक्रार नाही, तो राग आहे. ‘सकाळी अंघोळ करून बाहेर आलं की ओल्या तळपायांना केस चिकटतात’ ही तक्रार झाली. तिच्यावर काहीतरी करता येतं. ‘सारखा भुंकतो’ असं लिहू नका. ‘दुपारी दोन ते चार, जिन्यात डिलिव्हरीवाला आला की भुंकतो आणि बाळ उठतं’ असं लिहा.

त्याच आठवड्यात हवा-पक्षाने वाद न घालता फक्त वही वाचायची. हे फार अवघड जातं. ‘एवढं काय त्यात!’ हे तीन शब्द तोंडातून निघाले की वही बंद होते.

आठवडा संपला की एकच प्रश्न विचारायचा: यातला प्रत्येक त्रास गेला, तर कुत्रा चालेल का? याचं खरं उत्तर मिळणं महत्त्वाचं. ‘हो, चालेल’ असेल तर पुढचे पाच आठवडे कामाचे. ‘नाही, तरीही मला घरात प्राणी नकोच’ असं असेल, तर घर कितीही चकाचक ठेवलं तरी फरक पडणार नाही, आणि ते आत्ताच कळलेलं बरं. लहानपणी कुत्रा चावलेल्या माणसाची भीती नाटकी नसते. ‘सवय होईल हळूहळू’ म्हणत त्याला ४५० चौरस फुटांत रोज त्याच प्राण्यासमोर बसवणं हा उपाय नव्हे.

आणखी एक गोष्ट वहीत हमखास सापडते. नको-पक्षाचा खरा त्रास अनेकदा कुत्र्याचा नसतोच, तर लादी पुसणाऱ्या मावशींनी काम सोडण्याचा असतो. मावशींना कुत्र्याची भीती वाटते, किंवा त्याची शू पुसणं हे आपलं काम नाही असं त्यांचं रास्त म्हणणं असतं. मावशी येतात त्या तासाभरात कुत्र्याला घेऊन खाली जाणं किंवा आतल्या खोलीत बसणं, एवढ्यानेही घरात शांतता येते.

कामाची यादी: मिनिटांसकट

आता कामं. वीस-पंचवीस किलोचा मोठा इंडी, म्हणजे देशी कुत्रा धरला तर रोजचा हिशेब साधारण असा पडतो:

- सकाळची फेरी ३५ मिनिटं
- दुपारी खाली नेऊन आणणं १० मिनिटं
- संध्याकाळची फेरी ३० मिनिटं
- रात्रीची शेवटची फेरी १५ मिनिटं
- दोन वेळचं खाणं, भांडी, पाणी १५ मिनिटं
- केस विंचरणं १० मिनिटं
- केस झाडणं, त्याच्या जागेची लादी पुसणं १५ मिनिटं

म्हणजे रोज दोन तासांच्या वर. यात पावसातून आल्यावर चारही पंजे कोरडे करणं धरलेलं नाही. आठवड्याला त्याची गोधडी धुणं, तीन-चार आठवड्यांनी अंघोळ, महिन्याला गोचिडांचं औषध, तीन महिन्यांनी जंताचं औषध, वर्षाला रेबीज आणि इतर लसी, शिवाय पालिकेच्या परवान्याचं नूतनीकरण. लसींमध्ये लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) आहे ना, हे मुंबईत मुद्दाम विचारून घ्या. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं. हा आजार कुत्र्याला होतो तसा माणसालाही होतो.

यादीला दोन रकाने ठेवा: ‘करतं कोण’ आणि ‘लक्षात कोण ठेवतं’. दुसरा रकाना जास्त बोलका असतो. हवा-पक्ष फेऱ्या मारतो, पण खाणं संपत आलंय, जंताची गोळी राहिली, डॉक्टरांचा फोन आला होता, हे सगळं नको-पक्षाच्या डोक्यात असतं. अशा घरात ‘मी तर सगळं करतो’ आणि ‘मलाच सगळं बघावं लागतं’ ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असतात.

सहा आठवड्यांसाठी वाटणी अशी करा: रात्रीची फेरी, घरातली शू-शी आणि सगळं लक्षात ठेवणं पूर्णपणे हवा-पक्षाकडे, बाकीच्या कामांतलीही किमान तीन-चतुर्थांश त्याच्याकडे. पन्नास-पन्नास टक्के वाटणी दिसायला न्याय्य दिसते, पण ज्याला कुत्रा नकोच आहे त्याच्या गळ्यात निम्मं काम मारलं तर प्रयोग सुरू होण्याआधीच फसतो. नको-पक्षाने दोनच गोष्टी पाळायच्या: ओरडायचं-मारायचं नाही, आणि पिरपिर थांबावी म्हणून ताटातलं काढून द्यायचं नाही. कांदा-लसूण घातलेली आमटी-भाजी कुत्र्याला बाधते, ते वेगळंच.

आता मुंबईचा प्रवास. डोंबिवली किंवा विरारहून साडेसातला निघून रात्री साडेआठला घरी येणाऱ्या जोडप्याचा कुत्रा तेरा तास एकटा राहतो. मोठा कुत्रा सहा, फार तर आठ तास शू धरू शकतो. पिल्लाचं गणित साधारण ‘वय जितके महिने, अधिक एक तास’; तीन महिन्यांच्या पिल्लाकडून चार तासांहून जास्त अपेक्षा ठेवू नये. तेव्हा दोघंही नोकरीला जात असाल तर दुपारचा डॉगवॉकर ही चैन नव्हे, आणि त्याचे पैसे हवा-पक्षाच्या खात्यातून जायला हवेत. ते परवडत नसतील, तर ‘कुत्रा परवडतो का’ याचं उत्तर तिथेच मिळालं.

पैशांचाही तक्ता करा, आणि आकडे आपल्या दुकानातले घाला. पंचवीस किलोच्या कुत्र्याला कोरडं खाणं दिवसाला ३५० ग्रॅमच्या आसपास लागतं, म्हणजे महिन्याला साधारण साडेदहा किलो. दहा किलोच्या छोट्या कुत्र्याला १७५ ग्रॅम, महिन्याला सव्वापाच किलो. त्यात गोचिडांचं औषध, डॉगवॉकर, वर्षाच्या लसी आणि गावी जाताना बोर्डिंगचे दिवस धरा. अचानक उद्भवणाऱ्या दवाखान्याच्या खर्चासाठी वेगळी रक्कम बाजूला असू द्या. मे महिन्यात गावाला निघायच्या आदल्या रात्री कुत्रा आजारी पडतो तेव्हा बोलणं कुत्र्यावर राहत नाही, पैशांवर जातं.

एकेक तक्रार हातात घ्या

*घरात शू.* पहिलं काम रागावणं नव्हे, डॉक्टरांकडे लघवी तपासून घेणं. आधी नीट राहणारा कुत्रा अचानक घरात करू लागला तर मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह, मूत्रपिंडाचा त्रास यातलं काही असू शकतं. तपासणी ठीक आली की मग सवय. झोपून उठल्यावर, खेळून झाल्यावर आणि खाल्ल्यावर १५-२० मिनिटांत खाली न्यायचं. बाहेर केलं की तिथल्या तिथे, घरी येऊन नव्हे, खाऊ द्यायचा. नाक घासणं, वर्तमानपत्राने मारणं याने कुत्रा एवढंच शिकतो की माणसासमोर करायचं नाही. मग तो पडद्यामागे करतो.

सगळ्यात जास्त चूक पुसण्यात होते. फिनेलने वास आपल्यापुरता जातो. कुत्र्याच्या नाकाला जागा बरोबर सापडते आणि तो पुन्हा तिथेच जातो. अमोनिया असलेलं क्लीनर तर मूत्रासारखंच वास मारतं. आधी जुन्या टॉवेलने दाबून ओल टिपून घ्या, घासू नका. मग साधं पाणी, मग पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारं एन्झाइम क्लीनर भरपूर ओता, १५ मिनिटं तसंच राहू द्या आणि वाऱ्यावर सुकवा. कापसाच्या गादीत शू मुरली असेल तर ती गादी जाणार हे धरून चाला. पावसाळ्यात बरेच कुत्रे पावसात पाऊल टाकत नाहीत. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये छताखालची कडेची जागा ठरवा आणि तिथे पाण्याची बाटली घेऊन जा, नाहीतर बाल्कनीत गवताचा ट्रे ठेवा. हे मे महिन्यातच शिकवायला लागा, जूनच्या पहिल्या सरीत नाही.

*वास.* ‘कुत्रा म्हटलं की वास येणारच’ हे अर्धसत्य आहे. वासाला जागा असते, ती शोधा. कुत्र्याला कुशीवर झोपवा आणि क्रमाने नाक न्या: कान, तोंड, पंजाच्या बोटांमधल्या फटी, शेपटीखाली. कान उलटून पाहा. आत तपकिरी मळ आणि आंबूस वास असेल तर संसर्ग आहे, दमट हवेत तो नेहमीचाच. बोटांमध्ये लालसर, ओलसर आणि सतत चाटतोय, तर तिथे बुरशी असू शकते. तोंडातून येत असेल तर दात. शेपटीखालून सडक्या मासळीसारखा येत असेल तर गुदग्रंथी (गुदद्वाराजवळच्या छोट्या ग्रंथी) भरल्यात. हे सगळं डॉक्टरांकडे बरं होतं. याऐवजी दर आठवड्याला शाम्पू लावला तर कातडी कोरडी पडते, खाज सुटते, केस आणखी गळतात आणि वहीत नवी तक्रार येते.

*केस.* रोज दहा मिनिटं, बाथरूममध्ये, रबरी ब्रशने. सोफ्यावर जुनी चादर, ती दर दोन दिवसांनी बदला. एसीची जाळी दर दोन आठवड्यांनी धुवा. एवढं नेमाने केलं तर लादीवरचे केस बरेच कमी होतात, संपत नाहीत. ‘एकही केस दिसता कामा नये’ अशी अट असेल तर ती कुठलाच कुत्रा पुरी करू शकणार नाही, हे स्पष्ट बोला.

*गोचीड.* कुत्र्याच्या अंगावर दिसतात तेवढ्यांनी भागत नाही. मादी खाली पडून भिंतीच्या भेगेत, बॉक्सच्या पलंगामागे हजारो अंडी घालते. म्हणून कुत्र्याला औषध आणि घराला फवारणी एकाच वेळी लागते. एकच केलं तर तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. बोटांनी चिरडू नका. ताप, खाणं सोडणं, पांढरट हिरड्या दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टर.

*ॲलर्जी.* इथे घाई आणि टाळाटाळ, दोन्ही महागात पडतात. शिंका येतात म्हणजे कुत्राच, असं नाही; मुंबईच्या घरांत ओल धरलेल्या भिंतीवरची बुरशी आणि गादीतले धुळीचे सूक्ष्म किडे हीही मोठी कारणं आहेत. ॲलर्जीच्या डॉक्टरांकडून त्वचेवरची चाचणी करून घ्या. ‘चार दिवस माहेरी पाठवून बघू’ हा प्रयोग फसवा आहे. ॲलर्जी केसांची नसते; कुत्र्याच्या लाळेत आणि त्वचेच्या कोंड्यात जी प्रथिनं असतात त्यांची असते, आणि कुत्रा गेल्यावरही ती घरात कित्येक आठवडे, कधी महिनेही राहतात. चार दिवसांत फरक पडला नाही म्हणून कुत्रा निर्दोष ठरत नाही. चाचणीत कुत्राच निघाला आणि त्रास सौम्य असेल तर झोपायची खोली कुत्र्याला कायमची बंद, त्या खोलीत हेपा फिल्टर (हवेतले सूक्ष्म कण अडवणारा), आणि विंचरण्याचं काम दुसऱ्याकडे. ‘ॲलर्जी न होणारी जात’ विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. दमा असेल तर डॉक्टर सांगतील ते शेवटचं.

*देवघर आणि वडीलधारे.* घरात सासूबाई किंवा आजी सोवळं-ओवळं पाळत असतील तर दत्ताच्या तसबिरीतल्या कुत्र्यांचा दाखला देऊन वाद जिंकता येत नाही. बरेच जण करून बघतात. स्वयंपाकघराच्या दाराला लहान मुलांसाठी मिळतं तसं फाटक लावा आणि ती हद्द सगळ्यांनी पाळा. एका माणसाने लाडाने एकदा आत घेतलं की कुत्र्याला नियम कळेनासा होतो आणि आजींचा विश्वास उडतो.

*बाळ येणार असेल तर.* लसी आणि जंताचं औषध वेळेवर असलेल्या कुत्र्याला केवळ दिवस राहिले म्हणून घराबाहेर काढायचं वैद्यकीय कारण नाही. पण तयारी आधी दोन-तीन महिने करा: फेऱ्यांच्या वेळा बदला, पाळण्याची खोली आधीच बंद करा. बाळ आल्यावर ‘याच्यामुळे मला बाहेर काढलं’ असं कुत्र्याला वाटायला नको. बाळ आणि कुत्रा एका खोलीत मोठ्या माणसाशिवाय एक मिनिटही नाही, कुत्रा कितीही गरीब असो. आणि गुरगुरल्याबद्दल कधी शिक्षा करू नका. गुरगुरणं ही सूचना असते. ती दाबली की पुढच्या वेळी सूचना न देता चावा येतो.

*सोसायटी.* सेक्रेटरींच्या नोटिशीला नको-पक्षाचं हत्यार बनू देऊ नका. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या परिपत्रकानुसार सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही. तुमच्या बाजूने पालिकेचा परवाना, रेबीजचा दाखला, खाली नेताना पट्टा आणि शी उचलायला पिशवी, एवढं चोख ठेवा. भाड्याचं घर असेल तर अकरा महिन्यांच्या करारात काय लिहिलंय ते मात्र वाचा. तिथे प्रश्न सोसायटीचा नसून घरमालकाचा असतो.

*फटाके आणि ढोल-ताशे.* गणपतीत आणि दिवाळीत घाबरून घर खराब करणाऱ्या कुत्र्याबद्दल डॉक्टरांशी पंधरा दिवस आधी बोला. त्या काळात निर्णयाचा रविवार ठेवू नका.

त्या रविवारी

वही आणि यादी समोर ठेवा. हवा-पक्षाने ठरलेल्या कामांपैकी किती केली, हे आधी पाहा. निम्म्याहून कमी केली असतील तर उत्तर त्यानेच दिलेलं आहे. पुढे फक्त ते मान्य करायचं. कामं झाली, तक्रारी कमी झाल्या आणि नको-पक्षाची हरकत नरमली, तर तीच वाटणी कायम करा आणि तीन महिन्यांनी पुन्हा बसा. पहिला उत्साह त्या सुमाराला ओसरतो.

अवघड जागा ही: कामं झाली, घर स्वच्छ आहे, तरी एकाला नकोच आहे. इथे आमचं मत असं की कुत्रा कोणाच्या संमतीने आला हे पाहावं. लग्नाआधीपासून कुत्रा होता आणि ते माहीत असून होकार दिला होता, तर तडजोडीचा मोठा वाटा नको-पक्षाने उचलावा. एकाने न विचारता पिल्लू आणून ‘सरप्राइज’ दिलं असेल, तर मोठा वाटा आणणाऱ्याचा. मधला मार्ग म्हणून कुत्रा आई-वडिलांकडे ठेवायचा असेल तर आधी त्यांना विचारा. सत्तरीतल्या माणसाला तीस किलोचा लॅब्रेडॉर ओढत नेतो, आणि माणूस पडला तर कंबरेचं हाड मोडतं.

संसारच मोडायला आला असेल तर कुत्र्याचा ताबा ठरवणारा वेगळा कायदा भारतात नाही. कायद्याच्या लेखी तो जंगम मालमत्ता. त्यामुळे परवाना, लसीकरण कार्ड आणि मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) कोणाच्या नावावर आहे याला महत्त्व येतं. २०२३ मध्ये वांद्र्याच्या महानगर दंडाधिकारी न्यायालयाने एका महिलेची अंतरिम पोटगी ठरवताना तिच्या तीन कुत्र्यांचाही विचार केला आणि पाळीव प्राणी हा चांगल्या राहणीमानाचा भाग आहे असं म्हटलं होतं. अर्थात तो पोटगीचा प्रश्न होता, ताब्याचा नव्हे.

द्यायचं ठरलं तर

आधी काय करायचं नाही ते. आरे कॉलनीत, हायवेवर, ‘गावी शेतावर मोकळा राहील’ म्हणून कुठेही सोडून यायचं नाही. घरात वाढलेल्या कुत्र्याला ना अन्न शोधता येतं, ना दुसऱ्या कुत्र्यांच्या हद्दी कळतात. तिथले कुत्रे त्याला फाडतात किंवा तो गाडीखाली येतो. प्राण्याला उपाशी-तहानलेलं राहील अशा अवस्थेत टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही १० ते ५० रुपये आहे, ही त्या कायद्याची शोकांतिका. परळचं प्राण्यांचं बैलघोडा हॉस्पिटल किंवा एखादं शेल्टर म्हणजे नको झालेला कुत्रा ठेवून यायची जागा नव्हे. शेल्टर भरलेली असतात आणि तिथल्या गर्दीत घरातला कुत्रा खचतो.

मोठ्या कुत्र्याला घर मिळायला दोन-तीन महिने लागू शकतात, ते धरून चला. तोवर जबाबदारी तुमचीच.

१. नसबंदी झाली नसेल तर आधी करून घ्या. जातिवंत कुत्रा फुकट आणि नसबंदीशिवाय देणार म्हटलं की पैदास करणारे सगळ्यात आधी फोन करतात.

२. लसी, जंताचं औषध आणि कार्ड अद्ययावत करा.

३. माहिती खरी लिहा: वय, वजन, मुलांशी कसा, मांजरांशी कसा, एकटा किती तास राहतो, काय बिघडवतो. ‘फार शांत आहे’ असं लिहून दिलेला कुत्रा आठवड्यात परत येतो. फोटो त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून, उजेडात काढा.

४. घेणाऱ्याला पाच प्रश्न: घरात कोण कोण आहे आणि सगळ्यांना हवा आहे का? घर स्वतःचं की भाड्याचं? दिवसा कोण असतं? आधीच्या कुत्र्याचं काय झालं? गावी जाताना सोय काय? पहिला प्रश्न घरातल्या दोघांना वेगवेगळा विचारा. आपल्या घरात जे झालं ते त्यांच्या घरी व्हायला नको.

५. त्यांच्या घरी जाऊन या. खिडक्यांना ग्रिल आहे का, बाल्कनीच्या कठड्याच्या गजांमधून कुत्रा निसटेल का, हे पाहा.

६. दोन-तीन भेटींनंतर दोन आठवड्यांच्या चाचणीवर द्या. लेखी करार: विकणार नाही, दुसऱ्याला देणार नाही, जमलं नाही तर तुम्हालाच परत. चाचणी जमली की परवाना आणि मायक्रोचिप नव्या नावावर करून घ्या.

सोबत द्यायच्या पिशवीत दहा दिवसांचं नेहमीचं खाणं (पंचवीस किलोच्या कुत्र्याला साडेतीन किलो), त्याचा पट्टा, वाटी आणि न धुतलेली चादर असावी. चादर धुतली की ओळखीचा वास गेला. एका कागदावर तुम्ही वापरता ते शब्द लिहा. तुमचा कुत्रा ‘बस’, ‘थांब’, ‘सोड ते’, ‘चल खाली’ या शब्दांवर वाढलाय. गुजराती किंवा तमिळ घरात गेल्यावर तो आडमुठा वाटतो, कारण त्याला कोणी काय म्हणतंय तेच कळत नाही. खाण्याच्या आणि खाली नेण्याच्या वेळाही लिहा, कशाला घाबरतो तेही.

पहिले तीन आठवडे भेटायला जाऊ नका, फोनवर विचारा. नव्या घरात साधारण तीन दिवस कुत्रा दबकून असतो, तीन आठवड्यांत दिनक्रम लागतो, रुळायला तीन महिने जातात. पहिल्याच रात्री ‘काही खात नाही’ असा फोन येईल. मोठा, धडधाकट कुत्रा एक दिवस अन्नाला शिवला नाही तर नव्या जागी हे नेहमीचं आहे. पाणीही पीत नसेल, उलट्या होत असतील किंवा दोन दिवस उलटले, तर डॉक्टरांकडे न्यायला सांगा आणि आधीच्या डॉक्टरांचा नंबर द्या. पिल्लाच्या बाबतीत एवढा वेळ थांबू नका. त्याच दिवशी न्यायला सांगा.